ओझे तेच, प्रश्न निराळे

माणसाचे शरीर, त्याच्या हातातले साधन आणि तो ज्या जागी, ज्या हवेत व ज्या वेगाने राबतो ती परिस्थिती या तिन्हींचा मेळ कसा बसतो आणि तो बसला नाही तर शरीराचे काय होते, याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला अर्गोनॉमिक्स म्हणतात. कामासाठी माणसाला वाकवायचे नाही, माणसाच्या बेताने काम बसवायचे, हे या शास्त्राचे मूळ सूत्र आहे. ते सूत्र जवळपास तसेच राहिले असले तरी अभ्यासासाठी कोणते काम आणि कोणता माणूस निवडायचा हे मात्र प्रत्येक देशात काळानुसार बदलत आलेले आहे. ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ मध्ये, दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्यासाठी समिती नेमली गेली तेव्हा मुख्य चिंता थकव्याची आणि घटणाऱ्या उत्पादनाची होती. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानातल्या वैमानिकाचा हात आणि डोळा हा अभ्यासाचा विषय झाला. आणि १९४९ मध्ये या विषयाची संशोधन संस्था तेथे स्थापन झाली तेव्हा शरीरशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ व अभियंते एकत्र आले. भारतातही असेच टप्पे पडले, फक्त त्यांची कारणे या मातीतली होती.

हे टप्पे मुंबई, अहमदाबाद किंवा कोलकात्यातून पाहिले तर ती प्रगतीची सरळ वाट वाटते. नांदेडच्या मोंढ्यातून, लातूरच्या दालमिलमधून किंवा औसा-निलंग्याच्या सोयाबीनच्या रानातून पाहिले तर तीच वाट निराळी दिसते, कारण संशोधकांचे लक्ष एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळले तरी येथे पहिले काम चालूच राहिले आणि पहिल्या कामाचा माणूसही तेथेच राहिला. संशोधनाची आवड देशाच्या चिंतेमागे, पैशामागे आणि हाताशी असलेल्या मोजमापाच्या साधनांमागे जाते. शरीरावरचा भार जिथे सर्वांत जास्त आहे तिथे ती आपोआप जात नाही, हे मराठवाड्याच्या या दोन जिल्ह्यांत विशेष स्पष्ट दिसते.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात देशापुढे अन्नधान्याचा तुटवडा आणि कारखान्यांचे कमी उत्पादन हे दोन प्रश्न होते, आणि श्रमाचा अभ्यासही त्या दोहोंभोवतीच फिरत होता. निजामी राजवटीत सुरू झालेली नांदेडची उस्मानशाही मिल त्या काळी चालू होती आणि अशा गिरण्यांमधला उष्मा, दमटपणा, धागा तुटल्यावर होणारी धावपळ हे अभ्यासाचे विषय बनले होते. १९५२ ते १९५४ या काळात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे एक तज्ज्ञमंडळ भारतात आले व त्याने कापडगिरण्या आणि अभियांत्रिकी कारखान्यांत कार्य-अभ्यासाची, म्हणजे कामाचे लहान लहान भाग पाडून प्रत्येकाला लागणारा वेळ आणि होणारी हालचाल तपासण्याची, पद्धत दाखवून दिली. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५३ मध्ये ए. के. राइस यांनी विणकरांचे स्वतंत्र गट करून कामाची फेरमांडणी केली, तो प्रयोग पुढे जगभर अभ्यासला गेला. याच सुमारास कोलकात्यात एस. बॅनर्जी आणि आर. एन. सेन यांनी भारतीय शरीराच्या त्वचेचे क्षेत्रफळ काढण्याचे सूत्र नव्याने तपासले आणि १९५५ मध्ये ते प्रसिद्ध केले. वरवर पाहता हा शुष्क गणिताचा विषय वाटेल. पण शरीर उष्णता बाहेर टाकते ती त्वचेतून, माणसाची ऊर्जेची गरज मोजली जाते ती त्वचेच्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने, आणि तोवर वापरात असलेले सूत्र परदेशी शरीरांवर बेतलेले होते. राबणाऱ्या भारतीय माणसाला किती उष्मांक लागतात हे ठरवायचे तर आधी भारतीय शरीर मोजणे भाग होते.

साठच्या दशकात या अभ्यासाला स्थिर संस्था मिळाल्या. मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक शरीरक्रियाशास्त्राचा विभाग काम करू लागला, १९६२ मध्ये सैनिकांच्या शरीरक्रियेचा अभ्यास करणारी संरक्षण खात्याची संस्था सुरू झाली, १९६६ मध्ये अहमदाबादेत पुढे राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्था या नावाने ओळखली गेलेली संस्था उभी राहिली, आणि १९६९ मध्ये पवईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्प केंद्र निघाले. या पिढीच्या कामातला एक प्रयोग मराठवाड्याच्या वाचकाने मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. एस. आर. दत्ता आणि एन. एल. रामनाथन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३० किलोंचे ओझे सपाटीवरून सात निरनिराळ्या पद्धतींनी वाहून नेण्यास सांगितले: निम्मे छातीवर व निम्मे पाठीवर, डोक्यावर, पाठपिशवीत, कपाळपट्ट्याला अडकवून, पाठीवरच्या पोत्यासारखे, खांद्यावरच्या कावडीने आणि दोन्ही हातांत धरून. ओझे वाहताना माणूस किती प्राणवायू वापरतो हे मोजले की त्या कामाला लागलेली ऊर्जा कळते. छाती-पाठीवर वाटलेले ओझे सर्वांत स्वस्त पडले, डोक्यावरचे त्याच्या अगदी जवळ होते, पाठीवरचे पोते मधे होते, कावड महाग पडली आणि हातात धरलेल्या ओझ्याला पहिल्या पद्धतीपेक्षा सुमारे ४४ टक्के अधिक ऊर्जा लागली. डोक्यावर घागरी किंवा वैरणीचे भारे वाहणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या जे करत आल्या होत्या त्यामागे शरीराचा पक्का हिशेब होता, हे त्यातून दिसले.

याच प्रवाहात १९७९ मध्ये पी. एन. साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय कामगाराने दिवसभर झेपेल असे किती काम करावे, याची मर्यादा सुचवली. माणूस कमाल जितका प्राणवायू वापरू शकतो त्याच्या सुमारे ३५ टक्क्यांपर्यंतचे काम, म्हणजे नाडीचे ठोके मिनिटाला ११० च्या आसपास राहतील इतके काम, आठ तास चालू शकते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढच्या कितीतरी भारतीय अभ्यासांनी हा ११० चा आकडा मोजपट्टी म्हणून वापरला.

नांदेडच्या नव्या मोंढ्यात किंवा लातूरच्या बाजार समितीत हंगामाच्या दिवसांत हमालाचे काम पाहिले की या मोजपट्टीची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात. दोघे जण पोते दोन्ही टोकांनी धरून उचलतात, तिसरा पाठ फिरवून खाली वाकतो, पोते मानेच्या खाली आणि खांद्यांच्या मध्ये टेकते, आणि तो कमरेतून पुढे झुकलेला तसाच भराभर चालू लागतो. तो भराभर चालतो याचे कारण घाई नसून ओझ्याखाली काढायचा वेळ कमी करणे हे असते. ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना त्याची पावले आखूड होतात, आणि थप्पीजवळ पोहोचल्यावर तो गुडघ्यांत किंचित वाकून पोते पाठीवरून नेमक्या जागी सोडतो. पूर्वी हे पोते क्विंटलचे असे. महाराष्ट्रात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील हमाल चळवळीने पोत्याचे वजन ५० किलोंवर आणण्याची मागणी लावून धरली, आणि आज बाजारात ५० किलोंचा कट्टा रूढ आहे.

आता येथे दोन प्रकारचे संशोधन एकाच कामाकडे किती वेगळ्या नजरेने पाहते ते लक्षात घ्यावे. प्राणवायू आणि नाडी मोजणाऱ्या पद्धतीने पाहिले तर दिवसाकाठी हलवायचा माल तेवढाच राहिल्यास क्विंटलऐवजी कट्टा आल्याने फेऱ्या दुप्पट होतात, प्रत्येक फेरीत हमालाला स्वतःच्या शरीराचे वजनही वाहायचे असते, आणि म्हणून दिवसाची एकूण ऊर्जा कमी होईलच असे नाही, ती थोडी वाढूही शकते. पण जैवयांत्रिकीच्या नजरेने, म्हणजे हाडे, सांधे आणि स्नायू यांवर येणाऱ्या बलांचा हिशेब मांडला, तर कमरेच्या मणक्यांमधील चकत्यांवर एका वेळी येणारा दाब खूप खाली येतो, आणि पाठ कायमची निकामी होण्याची शक्यता या दाबाशी जोडलेली आहे. पहिली नजर थकव्याची आहे, दुसरी इजेची. भारतात पहिली नजर दोन-तीन दशके प्रभावी राहिली, कारण प्रश्न अन्नाचा आणि उत्पादनाचा होता. दुसरी नंतर आली. जागतिक पातळीवर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने नेहमी उचलायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो धरली होती, तर अमेरिकेतील व्यवसाय सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रात सर्व गोष्टी अनुकूल असतानाही २३ किलोंच्या वर जाऊ नये असे म्हटले. ५५ आणि २३ या आकड्यांमधले अंतर म्हणजे चोवीस वर्षांत शास्त्राने आपला प्रश्न बदलल्याचा पुरावा आहे. मोंढ्यातला कट्टा मात्र शास्त्राच्या मागणीवरून हलका झालेला नाही, तो संघटनेच्या मागणीवरून हलका झाला, आणि ही गोष्ट या विषयाच्या इतिहासात आवर्जून नोंदवायला हवी.

कायद्याची बाजूही येथे तोकडी पडते. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ३४ ने इजा होईल इतके ओझे कोणालाही उचलायला लावण्यास मनाई केली होती, पण मोंढा म्हणजे कारखाना नव्हे; महाराष्ट्राच्या १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाला नोंदणी, मजुरीची हमी आणि भविष्यनिर्वाह निधी दिला, ही मोठीच गोष्ट झाली, तरी पाठीचे मोजमाप हा त्या कायद्याचा विषय नव्हता.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत देशाचे लक्ष शेतीकडे वळले तसे संशोधकांचेही वळले. अहमदाबादच्या संस्थेतून पी. के. नाग आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये शेतमजुरांच्या निरनिराळ्या कामांना किती ऊर्जा लागते याचे अभ्यास प्रसिद्ध केले, त्याच्या आगेमागे तण काढण्याच्या साध्या अवजारांची तुलना झाली. पण खरी खळबळ उडवली ती मळणीयंत्राने. हरितक्रांतीच्या पट्ट्यात पीक यंत्रात ढकलताना हात आत ओढला जाऊन मजुरांची बोटे, पंजे, कधी कोपरापर्यंतचा हात जाऊ लागला आणि १९८३ मध्ये संसदेला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. यावरचा उपाय हा अर्गोनॉमिक्सचे सूत्र डोळ्यांना दिसावे असा आहे. पीक आत सोडण्याची पन्हळ किमान ९० सेंटिमीटर लांब असावी आणि तिचा आतल्या बाजूचा ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा, म्हणजे हात कितीही लांबवला तरी तो फिरत्या दात्यांपर्यंत पोहोचत नाही. मजुराला सावध राहा असे सांगण्यापेक्षा त्याच्या हाताची लांबी मोजून पत्रा वाढवणे अधिक खात्रीचे, कारण रात्री दोन वाजता, वीज आहे तोवर रास उरकायची म्हणून उभ्या असलेल्या माणसाकडून सावधपणाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. लातूर-नांदेडकडे सोयाबीनचे क्षेत्र वाढले तसे मळणीयंत्र गावोगाव आले, आणि ही पन्हळ किती लांब आहे हे यंत्र भाड्याने आणताना पाहण्याची सवय आजही पुरेशी रुजलेली नाही.

या साऱ्या संशोधनातला माणूस प्रामुख्याने पुरुष होता. शेतात वाकून करायची निम्म्याहून अधिक कामे बायका करत असताना मोजमाप मात्र पुरुषांच्या शरीराचे होत राहिले. ही उणीव भरून काढण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात एम. ए. वर्गीस यांनी घरकाम आणि इतर कामे करणाऱ्या स्त्रियांच्या श्रमाचा अभ्यास केला, आणि १९९४ मध्ये त्यांनी पी. एन. साहा व एन. अत्रेय यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या कामात स्त्रीला काम किती जड वाटते हे तिच्याच शब्दांवरून आणि नाडीच्या ठोक्यांवरून झटपट ठरवण्याची मोजपट्टी दिली. स्वयंपाकघरातले काम हा श्रमाच्या शास्त्राचा विषय आहे हे मान्य होणे हीच एक मोठी घटना होती. १९९६ मध्ये भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेकडे शेतीतील अर्गोनॉमिक्स व सुरक्षिततेचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प आला आणि त्याच वर्षी भुवनेश्वरला शेतकरी महिलांसाठीचे राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले. लातूर-नांदेडसाठी या प्रवाहाचे दार परभणीत होते. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आणि आता वसंतराव नाईक यांचे नाव असलेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठात गृहविज्ञानाच्या समन्वित प्रकल्पातून शेतकरी महिलांचे काबाडकष्ट कमी करण्याचे काम सुरू झाले. कापूस वेचणीचा कोट, दातेरी विळा, सायकल कोळपे, हातमोजे अशी साधने मेळाव्यांतून बायकांच्या हातात पोहोचू लागली.

ही साधने किती वापरली गेली, या प्रश्नाचे उत्तर साधनात सापडत नाही, मजुरीत सापडते. सोयाबीनची काढणी घ्यावी. झाड गुडघ्याएवढे, खालच्या शेंगा जमिनीच्या अगदी लगत, त्यामुळे विळा मुळाशी लावावाच लागतो. शेंगा तडकू नयेत म्हणून काम पहाटेच्या दंवात सुरू करून ऊन चढण्याआधी जेवढे उरकेल तेवढे उरकायचे असते, आणि वाळलेल्या शेंगांची टोके व कापलेले बुडखे तळहाताला व पोटऱ्यांना टोचत राहतात. बसून कापले तर कमरेवरचा ताण कमी होतो, हे प्रत्येक बाईला ठाऊक असते. पण काढणी गुत्त्याने घेतलेली असते, मजुरी एकराच्या हिशेबाने गटाला मिळते, आणि बसणारी बाई मागे पडली की तिचा वाटा उरलेल्या जणींवर पडतो. म्हणून सगळ्या वाकूनच कापत जातात आणि गटाचा वेग सर्वांत चपळ बाई ठरवते. दातेरी विळ्याने एका घावाला लागणारे बळ कमी होते, परंतु साध्या विळ्याला गावचा लोहार धार लावून देतो तशी ती दातेरी विळ्याला लावता येत नाही, आणि पाते बोथट झाले की नवा विळा विकत घ्यावा लागतो. कापसाच्या वेचणीतही मजुरी किलोवर असते; लुगड्याची ओटी भरत जाते तसतसे वजन कमरेला पुढे ओढते, कोटाने ते खांद्यांवर वाटले जाते, पण ऑक्टोबरच्या उन्हात अंगावर आणखी एक कापड कोण चढवणार, हाही प्रश्न असतो. प्रयोगशाळेत नाडीचे ठोके कमी झालेले दिसतात आणि रानात ते साधन मेढीला अडकवून ठेवलेले दिसते, याचे कारण बायकांचे अज्ञान नाही. वेगाचा मोबदला देणाऱ्या व्यवस्थेत आरामाचे साधन परवडत नाही, आणि भारतीय अर्गोनॉमिक्सने मजुरीच्या पद्धतीचा अभ्यास अवजाराच्या दांड्याइतक्या आस्थेने केलेला नाही.

दांड्याचा अभ्यास मात्र चांगला झाला, आणि त्याची गरजही होती. शरीराच्या मापांच्या शास्त्राला मानवमिती म्हणतात. वस्तू बनवताना सरासरी माप घेऊन चालत नाही. दार बनवायचे तर सर्वांत उंच माणसांचा विचार करावा लागतो आणि फळीची उंची ठरवायची तर सर्वांत बुटक्या माणसांचा. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून देबकुमार चक्रवर्ती यांचे भारतीय शरीरमापांचे पुस्तक १९९७ मध्ये निघाले, तोवर येथील अभिकल्पकांना बव्हंशी परदेशी तक्त्यांवर विसंबावे लागे. २००९ मध्ये एल. पी. गीते आणि सहकाऱ्यांनी भोपाळहून शेतमजुरांची ७९ शरीरमापे आणि १६ प्रकारच्या ताकदीची मापे प्रसिद्ध केली. स्त्रिया पुरुषांपेक्षा सरासरी दहा-बारा सेंटिमीटरने बुटक्या आहेत हे त्यातून आकड्यांनी सिद्ध झाले, आणि नवऱ्याच्या कोपराच्या उंचीचे सायकल कोळपे बायकोला ढकलावे लागते तेव्हा तिचे खांदे का भरून येतात याचा उलगडा झाला. दांड्याला चार भोके पाडून उंची कमी-जास्त करता येणे ही फार स्वस्त सुधारणा आहे.

माप न घेतल्याची किंमत कधी कधी जिवाने मोजावी लागते. २०१७ मध्ये किनवट-माहूरला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या खांद्याबरोबर वाढली होती, पाठीवरच्या बॅटरी आणि पेट्रोलच्या पंपांचा फवारा जुन्या हातपंपांपेक्षा जोरकस होता, आणि त्यामुळे औषध पिकावर पडण्याऐवजी फवारणाऱ्याच्या तोंडावर येत होते. औषधाच्या विषारीपणाची, मिश्रणांची आणि दुकानदारांची चर्चा खूप झाली. नळीचे तोंड, पिकाची उंची आणि माणसाचे नाक यांच्यातील अंतराची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली, जरी तो मूलतः याच शास्त्राचा प्रश्न होता.

नव्वदच्या दशकानंतर देशाची अर्थव्यवस्था बदलली आणि अभ्यासकांचे लक्ष झपाट्याने संगणकासमोर बसलेल्या माणसाकडे गेले. मान, मनगट, खुर्चीची पाठ, पडद्याची उंची हे नवे विषय झाले; करोनाच्या काळात घरून काम सुरू झाल्यावर तर जेवणाच्या टेबलावर ठेवलेला लॅपटॉपही संशोधनाचा विषय झाला. या वळणामागे पैसा होता, तसेच एक साधनही होते. १९९३ मध्ये इंग्लंडमधून आलेली ‘रुला’ आणि २००० मध्ये आलेली ‘रीबा’ या पद्धतींमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या छायाचित्रावरून मान, पाठ, हात आणि पाय यांचे कोन पाहून गुण दिले जातात आणि बेरजेवरून धोक्याची पातळी ठरते. प्राणवायू मोजायला प्रयोगशाळा, पिशव्या, वायूंचे पृथक्करण लागत असे. येथे कॅमेरा आणि एक कागद पुरतो. त्यामुळे लहान शहरांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांनाही संशोधन करता येऊ लागले, आणि हा या पद्धतींचा मोठा उपकार आहे. मात्र त्यातून एक ठरीव साचाही तयार झाला: एखादा व्यवसाय निवडायचा, छायाचित्रे काढायची, धोका जास्त आहे असा निष्कर्ष काढायचा आणि थांबायचे. वीटभट्टी, सुतारकाम, शिवणकाम, दालमिल, जे निवडावे तेथे धोका जास्तच निघतो, कारण तो आहेच. तो कमी कसा झाला हे सांगणारे अभ्यास त्या मानाने विरळ आहेत.

लातूरमध्ये या टप्प्याचा एक वेगळाच धागा सापडतो. परीक्षांच्या तयारीसाठी राज्यभरातून आलेली हजारो मुले येथे दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास बाकावर आणि खोलीतल्या खुर्चीवर काढतात. दप्तराच्या वजनाकडे सरकारचे लक्ष गेले. महाराष्ट्राने २०१५ मध्ये त्यासाठी आदेश काढला आणि केंद्राच्या २०२० च्या धोरणाने दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावे असे सांगितले. बाकाच्या उंचीकडे, फळा आणि मान यांच्यातल्या कोनाकडे, सलग बसण्याच्या तासांकडे तसे लक्ष गेलेले नाही, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची पाठ दुखते तेव्हा ती अभ्यासाची साहजिक खूण समजली जाते.

देशातील संशोधनाची आवड कशी बदलली हे तपासण्याची आता एक रूढ रीत आहे. नियतकालिकांतल्या लेखांचे सूचक शब्द, म्हणजे लेखाचा विषय सांगण्यासाठी लेखक जे पाच-सहा शब्द देतो ते, एकत्र करून त्यांची वर्षवार मोजणी केली जाते, आणि कोणता शब्द कधी वर आला व कधी मावळला याचा आलेख निघतो. रीत उपयोगी आहे, पण तिच्या जाळ्यातून काय निसटते ते मराठवाड्यात बसून चांगले कळते. परभणीचे बरेचसे काम वार्षिक अहवालांत, घडीपत्रिकांत, ‘शेतीभाती’सारख्या मराठी मासिकात आणि मेळाव्यांतील प्रात्यक्षिकांत आहे, इंग्रजी नियतकालिकांची मोजणी करणाऱ्या यादीत ते येतच नाही. जे मराठीत लिहिले गेले ते संशोधनच नव्हते असा भलताच अर्थ अशा आलेखातून निघू शकतो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे काही शरीरांचे प्रश्न या शास्त्राच्या दारात उशिराच पोहोचतात. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून, लातूर-नांदेडच्या कोरडवाहू तालुक्यांतूनही, दर दसऱ्यानंतर ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढण्याचे काम बाई गरोदरपणातही करते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न वृत्तपत्रे आणि महिला संघटनांनी पुढे आणला, तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यामागे वैद्यकीय व्यवहार, आर्थिक अडचण, खाडे आणि दंड अशी अनेक कारणे गुंतलेली आहेत. पण ओझे, चढ, कामाचे तास आणि विश्रांती व शौचालयाचा अभाव हे सारे ज्या शास्त्राच्या व्याख्येतच बसते, त्या शास्त्राने हा प्रश्न आधी विचारायला हवा होता.

अलीकडे उन्हाचा विषय पुन्हा वर येतो आहे. तापमान, दमटपणा, थेट ऊन आणि वारा यांचा एकत्रित निर्देशांक काढून किती वेळ काम आणि किती वेळ विसावा हे ठरवण्याची पद्धत मुळात १९५० च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या सरावासाठी तयार झाली होती. गिरण्यांच्या आतला उष्मा मोजणाऱ्या पिढीनंतर आता उघड्या रानातला उष्मा मोजणारी पिढी आली आहे. दुसरीकडे सोयाबीनला हार्वेस्टर आणि उसाला तोडणीयंत्र येत आहे, लातूरजवळच्या रेल्वे डबे कारखान्यातून डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला आणि वेल्डिंग करणाऱ्या हातांचे, मानेचे आणि डोळ्यांचे प्रश्न या जिल्ह्यात नव्याने आले आहेत. संशोधनाचा पैसा साहजिकच तिकडे आधी जाईल.

नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे, लातूरला कृषी महाविद्यालय आहे, परभणीला गृहविज्ञानाचा अनुभव आहे. मनगटावर बांधायचा नाडीमापक आता कोणत्याही महाविद्यालयाला परवडतो. ऑक्टोबरच्या पंधरवड्यात काढणीच्या एका संपूर्ण गटाला ते बांधून, प्रत्येकीचे वय, उंची, ठोके, वाकण्याचा काळ आणि त्याच वहीत त्या दिवसाच्या गुत्त्याचा दर व प्रत्येकीच्या वाट्याला आलेली मजुरी लिहून ठेवली, तर ११० ची मर्यादा कोणत्या दराला ओलांडली जाते हे कळेल. मग अवजाराबरोबर दर आणि विसाव्याची वेळही संशोधनाच्या शिफारशीत मांडता येईल.